वारा वरून उतरतो

टेंट हाऊसच्या धंद्याला दोन वैरी. एक पाऊस, दुसरा वारा. पावसाची चाहूल लागते, ताडपत्री ओढायला वेळ मिळतो. वारा आलाय हे कळेपर्यंत कनात खुंटीसकट उखडलेली असते. म्हणून धंद्यात पाऊल ठेवल्यापासून माझा डोळा वाऱ्यावरच असतो. आणि गेल्या काही वर्षांत इंदूरचा वारा बदललाय, हे मी छातीठोकपणे सांगतो. मोसमाचं म्हणत नाही, तो जाणकारांचा विषय आहे. मी म्हणतोय ते रस्त्यावरच्या वाऱ्याचं, चालत्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर वाहणाऱ्या वाऱ्याचं. त्याच्या वाटेतल्या इमारती बदलल्या, म्हणून तो बदलला.

आमचं दुकान रामबागेकडे, बाबांनी काढलेलं. त्यांच्या वेळी सगळा कारभार बल्ल्या, सुतळी, सुती कनाती आणि लाकडी खुंट्यांवर. लोखंडी पाइप, ट्रस, वॉटरप्रूफ डोम हे सगळं माझ्या हातात धंदा आल्यावरचं. पण बाबांची एक पद्धत मी सोडली नाही. मंडप घालायच्या आदल्या संध्याकाळी ते जागेच्या चारी कोपऱ्यांवर बल्ल्या रोवायचे आणि प्रत्येक बल्लीला दोन चिंध्या बांधायचे, एक अगदी टोकाला आणि एक कमरेएवढ्या उंचीवर. जुन्या धोतराच्या, हलक्या, वीतभर लांब. गल्लीत काम असलं की तिसरी चिंधी शेजारच्या घराच्या गच्चीवर, कठड्याला. मग आम्हा पोरांना ओट्यावर बसवून ठेवायचे, कुठली चिंधी कुठे वळते ते बघायला.

राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत एक गंमत हमखास दिसायची. गच्चीवरची चिंधी पूर्वेकडे फडफडतेय आणि कमरेजवळची पश्चिमेकडे. एकच गल्ली, एकच वेळ, आणि वारा वर एका दिशेला, खाली बरोबर उलट्या. बाबा त्यावरून कनातीचा ताण कुठल्या बाजूला द्यायचा ते ठरवायचे. असं का होतं, ते त्यांना सांगता यायचं नाही. होतं एवढं त्यांना पक्कं माहीत होतं, आणि त्यांचा मंडप पडत नसे.

कारण मला खूप उशिरा कळलं. माझी भाची वास्तुकला शिकलीय. एकदा तिला मी चिंध्यांचं सांगितलं तर ती उठून बसली. म्हणाली, "मामा, आमच्याकडे प्रयोगशाळेत हेच करतात. मॉडेलच्या भिंतीवर लोकरीचे धागे चिकटवतात आणि वारा सोडतात." मग तिनं वहीवर गल्लीचा छेद काढला. दोन बाजूंना दोन घरं, मध्ये रस्ता. वारा गल्लीला आडवा आला की अलीकडच्या घराच्या छपरावरून पुढे जातो, पलीकडच्या घराच्या भिंतीवर आपटतो, त्यातला काही भाग त्या भिंतीवरून खाली उतरतो, रस्त्यावर येऊन मागे फिरतो आणि अलीकडच्या घराची भिंत धरून पुन्हा वर चढतो. गल्लीच्या पोटात आडवा पडलेला एक मोठा भोवरा. म्हणून खालची चिंधी उलटी.

घरांची उंची आणि रस्त्याची रुंदी यांच्या प्रमाणावर सगळा खेळ आहे. टी. आर. ओके नावाच्या शास्त्रज्ञानं 1988 साली याची नीट वर्गवारी मांडली. घरं एकमेकांपासून लांब लांब असतील तर प्रत्येक घर स्वतंत्रपणे वाऱ्याशी झुंजतं. जरा जवळ आली की एकाच्या पाठीमागची खळबळ दुसऱ्याच्या तोंडावर जाते. आणि उंची रस्त्याच्या रुंदीच्या साधारण दोन-तृतीयांशापेक्षा जास्त झाली की वरचा वारा छपरांवरून घसरत निघून जातो, खाली फक्त तो भोवरा फिरत राहतो. गल्ली आणखी अरुंद असेल, उंची रुंदीच्या दुपटीच्या घरात गेली, तर एकाखाली एक असे दोन भोवरे होतात, एकमेकांच्या उलट फिरणारे, आणि खालचा इतका मंद की हवा जवळपास तिथेच घोटाळत बसते.

हा भोवरा डोळ्यांनी बघायचा असेल तर रंगपंचमीला इंदूरला या. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो. होळकरांच्या काळापासून आमच्याकडे रंगपंचमीला गेर निघते. टोरी कॉर्नर, मल्हारगंज भागातून मिरवणुका राजवाड्याकडे येतात. टँकरमधून रंगाचं पाणी, आणि मशीनमधून कोरडा गुलाल थेट वरच्या मजल्यांपर्यंत उडवतात. लाखो माणसं. आमच्या नात्यातल्या एका काकूंची तिकडे तिसऱ्या मजल्यावर गॅलरी आहे, तिथून मी गेर बघतो. पोरंटोरं खाली माणसं बघतात, मी गुलाल बघतो.

मशीन रस्त्याच्या मधोमध असते. गुलालाचा खांब सरळ वर जातो, छपरांच्या वर निघतो, तिथे वाऱ्याच्या तोंडी सापडतो आणि एकदम आडवा होऊन समोरच्या इमारतीकडे झुकतो. त्यातला थोडा तिच्या गच्चीवरून पलीकडे जातो. बाकीचा तिच्या दर्शनी भिंतीला लागून खाली सरकायला लागतो. सावकाश, दाट, गुलाबी. रस्त्याला पोचला की गर्दीच्या डोक्यांवरून आमच्या बाजूला येतो आणि मग आमच्या गॅलरीखालून वर चढतो. काकू दरवर्षी कुरकुरतात की तोफ रस्त्याच्या मध्ये असून रंग आपल्याच घरात जास्त का येतो. वारा आमच्या पाठीकडून येतो म्हणून. दुसऱ्या दिवशी गॅलरीत हात फिरवला तर कठड्याच्या खालच्या अंगाला, खांबांच्या आतल्या बाजूला, छताच्या तुळईच्या पोटाला गुलाल सापडतो. वरून पडलेला रंग तिथे बसूच शकत नाही. खालून वर चढणारा वाराच तो तिथे नेऊन लावतो.

आता गुलालाच्या जागी मोटारींचा धूर ठेवा. रस्त्यावर सुटलेला धूर याच वाटेनं जातो. वारा ज्या बाजूच्या इमारतींच्या पाठीकडून येतोय, त्याच बाजूच्या फुटपाथवर आणि त्याच बाजूच्या खिडक्यांत तो जास्त जमतो. समोरच्या बाजूला वरून उतरलेली, त्यातल्या त्यात स्वच्छ हवा मिळते. एकाच रस्त्याच्या दोन फुटपाथांवर दोन वेगळ्या हवा. शाळेचं फाटक कुठल्या बाजूला ठेवायचं, भाजीवाल्या मावशींनी पाटी कुठे मांडायची, दवाखान्याच्या खिडक्या कुठे उघडायच्या, या सगळ्याला याचा उपयोग आहे, आणि मी कुणाला तो करताना पाहिलेलं नाही.

सराफ्याचं गणित निराळं. गल्ली अरुंद, दोन्हीकडे तीन-चार मजले. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, रात्री त्यांच्या ओट्यांवर खाण्याचा बाजार. हिवाळ्यात गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, कढया चढतात, भुट्ट्याचा कीस परतत असतो. वारा पडलेल्या थंडीच्या रात्री तिथे जाऊन वर बघा. तव्यांचा धूर पहिल्या मजल्याच्या जरा वर जातो आणि तिथेच पसरून राहतो. दिव्यांच्या उजेडात तो थर स्पष्ट दिसतो. वासाचा आनंद आपण घेतो, पण त्या धुरात रात्ररात्र उभं राहणाऱ्या कारागिरांच्या डोळ्यांचं आणि छातीचं काय होत असेल याची मला काळजी वाटते. त्याच अरुंदपणामुळे उन्हाळ्यात दुपारी तिथे सावलीही असते, हे मात्र मान्य केलं पाहिजे. जुन्या गल्लीनं वारा दिला नाही, पण ऊन अडवलं. आणि वाऱ्यासाठी वाड्याला चौक होता, तापलेली हवा चौकातून वर जायची आणि दिंडीदरवाज्यातून गल्लीतली हवा आत ओढली जायची.

हा झाला जुन्या शहराचा वारा. आता नव्या शहराकडे येतो, कारण माझ्या पोटात खरी कळ तिथे उठते.

निपानियाच्या बाजूला, बायपासकडे, सुपर कॉरिडॉरवर उंच इमारती उभ्या राहिल्यात आणि राहताहेत. तिथल्या कॉलन्यांत लग्नं, डोहाळजेवणं, गरबा, सगळ्यांचे मंडप आम्हीच घालतो. अशाच एका ठिकाणी दोन उंच टॉवरांच्या मधल्या मोकळ्या पट्टीत स्वागताची कमान हवी होती. मोबाइलवर वारा ताशी 15 किलोमीटर दाखवत होता, म्हणजे झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या हलतील एवढाच. नेहमीप्रमाणे चिंध्या बांधल्या. पट्टीच्या तोंडावरची चिंधी काठीसारखी ताठ झाली आणि तशीच राहिली. चाळीस-पन्नास पावलं मागे, लॉनच्या मध्यावर, दुसरी चिंधी आरामात लोंबत होती. मी मुलीच्या वडिलांना म्हटलं, "दादा, कमान इथे नको. मागे घेऊ." ते म्हणाले, "अहो, वारा आहेच कुठे?" मी त्यांना हाताला धरून त्या कोपऱ्यावर नेऊन उभं केलं. त्यांचं उपरणं खांद्यावरून उडालं, तेव्हा त्यांनीच पोरांना हाक मारून सामान मागे हलवायला सांगितलं.

मोबाइलवर दिसणारा वारा हा मोकळ्या मैदानात, जमिनीपासून 10 मीटर उंचीवर मोजायचा, असा हवामानखात्याचा जगभरचा दंडक आहे. टॉवरच्या पायथ्याशी तो लागू पडत नाही. वारा जसजसा वर जावं तसतसा जोरात वाहतो, कारण खाली घरं, झाडं, भिंती त्याला खरवडत असतात. दाट वस्तीत ढोबळ हिशेबानं 60 मीटर उंचीवरचा वारा 10 मीटरवरच्या वाऱ्याच्या पावणेदोनपट. गावात सगळी घरं दोन-तीन मजली असतील तर तो वरचा वारा वरच्या वर निघून जातो, आपला आणि त्याचा संबंध येत नाही. मध्येच एक वीस मजली भिंत उभी केली की तो तिच्यावर आपटतो. उंचीच्या साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांशावर एक जागा अशी असते की तिथे वारा थबकतो. त्याच्या वरचा छपरावरून जातो. खालचा मात्र भिंतीवरून सरळ जमिनीवर उतरतो, आणि उतरताना वरचा वेग बरोबर घेऊन येतो. नळाच्या धारेखाली ताट उभं धरलं की पाणी कसं खाली घसरून कडांवरून उडतं, तसा तो इमारतीच्या दोन्ही कोपऱ्यांवरून सुसाट निघतो. मोकळ्या मैदानातल्या त्याच उंचीवरच्या वाऱ्याच्या दीडपट, दुप्पट वेग कोपऱ्यावर सहज होतो. दोन टॉवर शेजारी असले तर दोघांचे कोपऱ्यावरचे झोत मधल्या पट्टीत एकत्र येतात.

टॉवरच्या समोर, वाऱ्याच्या बाजूला, बैठ्या घरांची रांग असली तर हाल आणखी वाढतात. उतरलेला वारा घरं आणि टॉवर यांच्यामधल्या गल्लीत अडकून जोरात गरगरतो. इंदूरच्या नव्या भागांत ही रचना पावलोपावली आहे. आधीच्या प्लॉटवरची दुमजली घरं, आणि मागे एकदम आभाळाला भिडलेली इमारत.

वेग दुप्पट झाला तर काय बिघडलं, असं वाटेल. मंडपवाल्याचा हिशेब बघा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. मीटर-सेकंदातल्या वेगाचा वर्ग गुणिले 0.6 म्हणजे चौरस मीटरवर पडणारा दाब, न्यूटनमध्ये. बांधकामाच्या भारतीय मानकातही, आयएस 875 च्या तिसऱ्या भागात, हाच आकडा आहे. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर. चौरस मीटरला 60 न्यूटन, म्हणजे सुमारे 6 किलो. माझी कनात 10 मीटर लांब आणि 4 मीटर उंच लावली, तर एकूण 240 किलोचा रेटा. ताशी 72 किलोमीटरला तोच रेटा चौपट, जवळपास एक टन. खुंट्या त्याच, दोर तेच, माणसं तीच.

आणि हा रेटा फक्त कनातीवर पडत नाही. छत्री घेतलेल्या आजींवर पडतो, शाळेच्या बसमधून उतरणाऱ्या पोरांवर पडतो, मागे गॅसचं सिलिंडर बांधलेल्या सायकलवाल्यावर पडतो. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात ब्रिजवॉटर प्लेस नावाची 112 मीटर उंचीची इमारत 2007 साली पुरी झाली. 2011 च्या मार्चमध्ये तिच्या पायथ्याशी वाऱ्यानं एक मालट्रक उलटला आणि त्याखाली सापडून रस्त्यानं जाणारा एक माणूस गेला. मग पुढे झोत फोडण्यासाठी रस्त्याच्या वर मोठमोठे पडदे आणि छतं बांधावी लागली. इमारत मजबूतच होती. ती उभी राहावी म्हणून वाऱ्याचा हिशेब झालाच होता. खालून चालणाऱ्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

न्यू यॉर्कची फ्लॅटआयर्न इमारत 1902 ची. तिच्या टोकदार कोपऱ्यावर वारा इतका घोंघावायचा की बायकांचे घोळदार कपडे उडताना बघायला टवाळ पोरं जमायची आणि पोलीस त्यांना हाकलायचे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच हा प्रकार उघड झाला होता. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत 1964 साली आय. एम. पेई या वास्तुकारानं बांधलेली ग्रीन बिल्डिंग आहे. एकवीस मजले, आणि खाली आरपार मोकळी कमान. पुढच्या बाजूला वाऱ्याचा दाब, मागच्या बाजूला ओढ, आणि दोघांना जोडणारं भोक नेमकं जमिनीवर. वारा त्यातून असा धावायचा की इमारतीचे दरवाजे उघडता येईनात. शेवटी फिरते दरवाजे बसवले. त्या इमारतीत हवामानशास्त्राचाच विभाग होता.

आपल्याकडे ही कमान जवळजवळ प्रत्येक नव्या इमारतीला आहे. तळमजला खांबांवर मोकळा सोडून तिथे पार्किंग. मे महिन्याच्या संध्याकाळी, आंधी सुटायच्या आधीसुद्धा, या पार्किंगमध्ये जाऊन बघा. स्कूटरची कव्हरं एका कोपऱ्यात गोळा झालेली असतात, आणि त्यांच्याबरोबर पाचोळा, पॉलिथीन, पेपरच्या पुरवण्या. कचरा कुठे साचतो त्यावरून वारा कुठे थांबतो ते समजतं. स्वच्छतेसाठी नाव कमावलेल्या आमच्या शहरात झाडूवाल्या ताईंना हे कोपरे पाठ असतात. तुमच्या कॉलनीतला वारा समजून घ्यायचा असेल तर आधी त्यांना विचारा.

भाचीनं आणि मी गेल्या उन्हाळ्यात एक खटाटोप केला. दुकानात थर्मोकोल पडलेलाच असतो. त्याची गल्ली कापली, बैठी घरं कापली, एक टॉवर कापला. समोर टेबलफॅन ठेवला तर धूर नुसता गरगरायला लागला, कारण पंख्याची हवा मुळातच पीळ घेऊन येते. तिनं सरबताच्या नळ्यांचे गठ्ठे एका खोक्यात ठासून भरले आणि ते खोकं पंख्यासमोर ठेवलं. नळ्यांतून हवा सरळ झाली. मग उदबत्ती. बैठ्या घरांवरून धुराची रेघ सरळ निघून गेली. टॉवर मध्ये ठेवला आणि तीच रेघ भिंतीला लागली, खाली वाकली, पायथ्याशी चपटी झाली आणि कोपऱ्यावरून फाटली. बायको चहा घेऊन आली होती, तीही तिथेच बसून राहिली. टॉवरच्या खाली पसरट, दोन मजली बैठक ठेवली तर उतरलेला वारा त्या बैठकीच्या गच्चीवरच आडवा झाला, रस्त्यावर आलाच नाही. मोठ्या इमारतींना खाली रुंद चौथरा देतात किंवा वरचे मजले मागे घेतात, त्याचा हाही एक फायदा. कोपरे गोल केले तर झोत थोडा नरम पडतो. प्रवेशदारावर चांगलं खोल छत काढलं तर निदान दारात उभ्या माणसाच्या डोक्यावर वारा आदळत नाही.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट यात उपयोगाची आहे. भरीव कनात वाऱ्याला अडवते, पण तिच्या मागे लगेच खळबळ माजते. वरून गेलेला वारा थोड्याच अंतरावर पुन्हा खाली येतो आणि जेवणाच्या पंगतीतल्या पत्रावळी उडवतो. त्याऐवजी शेतात लावतात ती हिरवी जाळी, निम्मी उघडी निम्मी बंद अशी, लावली तर थोडा वारा तिच्यातून जातो आणि मागे लांबवर शांत राहतं. खुंट्यांवरचा ताणही कमी. झाडांच्या रांगेचं तसंच आहे. पण झाडांबाबत एक जपायला हवं. रुंद रस्त्यावर झाडं लावावीतच. अगदी अरुंद, वर्दळीच्या गल्लीत मात्र वरून छप्पर धरणारा दाट पर्णभार असेल तर मोटारींचा धूर खालीच कोंडला जातो. तिथे बुटकी कुंपणझाडं बरी.

काही शहरांनी हे मनावर घेतलंय. हाँगकाँगमध्ये समुद्राकाठी भिंतीसारख्या इमारती उभ्या राहिल्या आणि मागच्या वस्त्यांचा वारा तुटला. 2003 च्या सार्स साथीनंतर लोकांना कोंडलेल्या हवेची धास्ती बसली, आणि 2006 पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांना हवा खेळती राहील का याची तपासणी लावली. जर्मनीतलं श्टुटगार्ट डोंगरांच्या खोलगटात वसलंय, तिथे वारा मुळातच मंद. रात्री डोंगरउतारावरून थंड हवा शहरात उतरते, म्हणून तिच्या वाटा त्यांनी नकाशावर आखून ठेवल्या आणि त्या वाटांवर बांधकामाला आवर घातला. लंडनच्या जुन्या सिटी भागानं 2019 मध्ये उंच इमारतींसाठी वाऱ्याची नियमावली काढली. पादचारी, बाकावर बसणारे आणि सायकलवाले यांना किती वारा चालेल ते ठरवून, इमारत बांधायच्या आधी मॉडेलवर दाखवायचं.

आणि इंदूरला तर हे शिकायला लांब जायचीही गरज नाही. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार इथे येऊन राहिले होते. होळकर दरबारासाठी त्यांनी इंदूरच्या नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल लिहिला, 1918 चा. सरसकट पाडापाडी करून सरळसोट रस्ते काढण्याच्या ते विरोधात होते. एखादं मोडकळीला आलेलं घर काढावं, तिथे लहानसं अंगण, एखादं झाड, एवढी मोकळी जागा व्हावी, आणि बाकी गल्ली जगू द्यावी, हा त्यांचा मार्ग. भाचीच्या उदबत्तीनं मला तो पटला. थर्मोकोलच्या अरुंद गल्लीतलं एकच घर उचललं, तर त्या भोकातून वरची हवा खाली आली आणि साचलेला धूर दोन्ही बाजूंनी हलला. सगळी गल्ली रुंद करावी लागली नाही.

माळव्याच्या रात्रीचं कौतुक उगाच झालेलं नाही. शहर साडेपाचशे मीटर उंचीच्या पठारावर, हवा कोरडी, सूर्य मावळला की जमीन भराभर निवते आणि वारा सुटतो. आमच्या लहानपणी मे महिन्यात सगळं घर गच्चीवर झोपायचं, पहाटे गोधडी ओढावी लागायची. आता उंच भिंतींमधल्या काँक्रीटला रात्री आभाळ पुरतं दिसत नाही, दिवसाची ऊब बाहेर टाकायला वाट नाही, आणि तो वारा एकीकडे कोंडलेला, दुसरीकडे कोपऱ्यावर उधळलेला. उंच इमारती बांधूच नयेत असं मी म्हणत नाही. माणसं वाढली, जागा लागणारच. पण पाण्याची, विजेची, पार्किंगची चौकशी होते तशी वाऱ्याचीही व्हायला हवी, आणि ती नकाशा मंजूर होण्याआधी.

तोवर आपल्या हातात आहे ते सांगतो. गणपती जवळ आलेत, मंडळांची पोरं दुकानात यायला लागलीत. टॉवरच्या कोपऱ्यापासून आणि दोन टॉवरांमधल्या पट्टीच्या तोंडापासून मंडप लांब घ्या. गल्ली दोन्ही बाजूंनी कनातीनं बंद करू नका, वाऱ्याच्या बाजूला भरीव पडद्याऐवजी जाळी घ्या. छताच्या मध्यावर फट ठेवून वर दुसरा छोटा तुकडा द्या, म्हणजे आतला दाबही निघून जाईल आणि समयांचा, धुपाचा धूरही. कमानीचं फ्लेक्स जितकं मोठं तितका खांबावरचा ओढा मोठा, तेव्हा बाप्पाचं नाव मोठं ठेवा आणि शुभेच्छुकांचे फोटो कमी करा. आणि आदल्या संध्याकाळी चिंध्या बांधा, एक वर, एक कमरेशी. दुकानात जुन्या धोतरांच्या चिंध्यांचं गाठोडं ठेवलेलं आहे, ज्या मंडळाला हव्या त्यांनी घेऊन जाव्यात, त्याचे पैसे लागत नाहीत.